छातीत पाणी की फुप्फुसात पाणी?

प्रश्न असा आहे: ‘छातीत पाणी झालं’ आणि ‘फुप्फुसात पाणी झालं’ हे दोन्ही सर्रास ऐकू येतं, तर दोन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘प्ल्यूरा’ला, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला, मराठीत आवरण म्हणावं की अस्तर?

अर्थ एक नाही. बोलीतला ‘छातीत पाणी’ हा प्रयोग तर फार नेमका आहे. बरगड्यांच्या १२ जोड्या, पुढे उरोस्थी, मागे मणके आणि तळाशी श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा), असा हा छातीचा पिंजरा. त्यात उजवं फुप्फुस ३ खंडांचं, डावं २ खंडांचं. प्रत्येक फुप्फुसाला स्वतःचा एक पातळ, ओलसर, गुळगुळीत पडदा असतो. तो फुप्फुसाला घट्ट चिकटून असतो, खंडांमधल्या खाचांतही उतरतो. श्वासनलिकेची शाखा आणि रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात, त्या मुळाशी तो उलटा वळतो आणि बरगड्यांच्या आतल्या अंगाने, श्वासपटलाच्या माथ्यावरून पसरतो. पडदा एकच, पदर दोन. फुप्फुसाकडून पाहिलं तर ते आवरण, छातीच्या भिंतीकडून पाहिलं तर अस्तर.

म्हणून ‘फुप्फुसावरण’ हा रूढ शब्द चुकीचा नसला तरी एकाच पदराकडे बोट दाखवतो. मला ‘परिफुप्फुस’ जास्त पटतो. ‘परि’ म्हणजे सभोवार; त्यात आतबाहेरचा वादच उरत नाही, शिवाय पोटातल्या पडद्याला ‘पर्युदर’ आणि हृदयाभोवतीच्या पडद्याला ‘परिहृद’ हे त्याच घडणीचे शब्द आपल्याकडे आहेतच. ‘प्ल्यूरा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: बरगडी, कूस.

आता पाण्याकडे येऊ. या दोन पदरांमधल्या जागेला पोकळी म्हणतात, पण निरोगी माणसात तिथे पोकळ असं काही नसतं. पदर एकमेकांना टेकलेले असतात आणि मध्ये द्रवाचा फक्त ओलावा, दोन्ही बाजूंचा मिळून काही चमचे. त्यामुळेच श्वासागणिक फुप्फुस भिंतीवर न घासता सरकतं. क्षयात, न्यूमोनियात, कर्करोगात किंवा हृदय कमकुवत झाल्यावर या जागेत द्रव साठतो आणि फुप्फुसाला फुलायला जागा उरत नाही. हे छातीतलं पाणी. ते फुप्फुसाच्या बाहेर असतं, म्हणूनच सुईने काढता येतं. सुई घालतात तीही खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात.

फुप्फुसात पाणी होणं ही वेगळी गोष्ट. तिथे द्रव खुद्द वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत उतरतो, बहुधा हृदयाच्या डाव्या बाजूचा जोर कमी पडल्यामुळे. ते सुईने काढता येत नाही. जास्त लघवी होण्याचं औषध, प्राणवायू आणि हृदयावरचे उपचार करावे लागतात. घरच्यांना सांगताना शब्द बदलला की ‘मग पाणी काढत का नाहीत?’ असा गैरसमज होतो. म्हणून इथे शब्दाबाबत काटेकोर राहायलाच हवं.

दुखण्याच्या बाबतीतही बोली अशीच चोख आहे. ‘फुप्फुस दुखतंय’ असं सहसा कोणी म्हणत नाही. ‘श्वास घेतला की कुशीत टोचतं’, ‘खोकलं की बरगडीत चमक निघते’ असंच म्हणतात. फुप्फुसाला आणि त्याला चिकटलेल्या पदराला अशी टोचणारी वेदना कळत नाही; ती कळते भिंतीकडच्या पदराला. त्याचा दाह म्हणजे परिफुप्फुसशोथ. श्वासपटलाच्या मधल्या भागावरचं अस्तर दुखावलं, तर कळ चक्क खांद्यात येते, कारण तिथला मज्जातंतू मानेतून खाली आलेला असतो.

तेव्हा अहवालाचा किंवा माहितीपत्रकाचा अनुवाद करताना पदरांमधल्या द्रवासाठी ‘परिफुप्फुसात पाणी’ लिहावं आणि पहिल्या उल्लेखाला जोडून ‘म्हणजे छातीत पाणी’ एवढं खुशाल द्यावं. ‘फुप्फुसात पाणी’ हे शब्द वायुकोशांसाठी राखून ठेवावेत.