कोल्हापुरात केएमटीचे, म्हणजे महापालिकेच्या बसचे, कमी उत्पन्नाचे मार्ग बंद करून शहरातल्या फेऱ्या वाढवाव्यात का? रोज बसने जाणाऱ्यांचं मत काय?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन कोल्हापूरला येताय, आर. के. नगरकडे घर बघताय, आणि केएमटीचे मार्ग नव्याने आखायची चर्चा कानावर आलीय. गावांकडचे कमी उत्पन्नाचे मार्ग बंद करायचे, त्या गाड्या शहरात फिरवायच्या आणि लांबच्या मार्गावर मध्येच गाडी बदलायला लावायची. हे रोजच्या प्रवाशांना पटतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी रोजची प्रवासी आहे. पाचगावला राहते, महाद्वार रोडवर एका कापड दुकानात हिशेबाचं काम करते. अठरा वर्षं झाली. सकाळी साडेनऊच्या सुमारास घर सोडते, रात्री दुकान आवरून निघते. या सूचनांतली एक मला अर्धी पटते, एक अजिबात पटत नाही. आणि एक जी व्हायला हवी ती कुणी फारशी बोलतच नाही.

आधी न पटणारी. ‘कमी उत्पन्नाचा मार्ग’ ठरवतात कसा? फेरीत किती तिकिटं फाटली आणि गाडी किती किलोमीटर धावली, यावरून. हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते, ही पद्धत अर्धवट आहे. माझी रात्रीची गाडी घ्या. शिवाजी चौकात मी चढते तेव्हा आत दहा-बारा माणसं असतात. कागदावर ही फेरी रिकामी. पण ही दहा-बारा माणसं सकाळी कशाने आलेली असतात? याच मार्गाच्या भरलेल्या गाडीने. सकाळच्या गाडीचं उत्पन्न चांगलं दिसतं ते रात्रीची गाडी आहे म्हणून. रात्रीची फेरी काढली की सकाळची तिकिटंही जातात, पासही जातात. मग पुढच्या वर्षी सकाळची फेरी तोट्यात दिसते आणि तीही काढायची पाळी येते.

आमच्या दुकानात साड्या दाखवायला एक मुलगी आहे, विशीतली. घरच्यांनी नोकरीला परवानगी देताना एकच गोष्ट विचारली होती, रात्री परत यायला गाडी आहे का. पगार किती, हे त्यांनी नंतर विचारलं. महाद्वार रोड, गुजरी, जोतिबा रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी इथल्या दुकानांत अशा किती मुली असतील याचा विचार करा. दुकानं मिटतात साडेआठ-नऊला. सणासुदीला दहा वाजतात. त्या वेळी वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, मिळतं, नाही असं नाही. पण वडापवाला गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि रात्री ती भरायला अर्धा तास लागतो. रिक्षाला रोज पैसे घातले तर पगारातलं काय उरणार? नकाशावर रात्रीची एक फेरी पुसणं सोपं असतं, पण तिच्यावर असे दहा-बारा पगार अवलंबून असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की उत्पन्न फेरीचं मोजू नये, अख्ख्या दिवसाच्या मार्गाचं मोजावं. दुपारी अकरा ते चार या वेळेत फेऱ्या कमी केल्या तर माझी हरकत नाही. बाजाराला आलेली म्हातारी माणसं तेव्हा असतात, पण वेळ नक्की असेल तर ती तासाला एका गाडीवरही भागवतात. पहिली आणि शेवटची फेरी मात्र कुणी हलवू नये.

आता गावं आणि शहर. यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगते, कारण पाचगाव महापालिकेच्या हद्दीत येत नाही. पण तुम्ही बसमध्ये बसून बघा. जरगनगर कुठे संपतं आणि पाचगाव कुठे सुरू होतं हे खिडकीतून कळत नाही. तीच घरं, तीच दुकानं. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख होती. त्यानंतर घरं वाढली ती जास्त करून हद्दीबाहेर, म्हणजे पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी या बाजूला. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरातले लोक म्हणतात, तुम्ही घरफाळा ग्रामपंचायतीला भरता, मग केएमटी आमच्या पैशाने का? प्रश्न चुकीचा नाही. परिवहनचा तोटा महापालिका सोसते आणि महापालिकेचा पैसा शहरातल्या करदात्याचा, हे खरंच आहे.

पण त्याला उत्तर गाडी बंद करणं नव्हे. २०१७ साली हद्दवाढीऐवजी शहर आणि भोवतालची ४२ गावं मिळून विकास प्राधिकरण झालं. या गावांत बांधकाम परवानगी घेताना विकास शुल्क भरावं लागतं. त्यातला ठरलेला वाटा बससाठी द्यावा. जिथे नवी अपार्टमेंट उभी राहतात तिथे गाडी न्यायचा खर्च तिथल्याच बांधकामातून यावा, यात कुणावर अन्याय नाही. ग्रामपंचायतींनीही थोडा भार उचलावा, निदान थांब्यावर शेड आणि दिवा तरी द्यावा. आणि आमच्या गावची माणसं शहरात येतात ती फुकट फिरायला येत नाहीत. माझ्या दुकानातलं निम्मं गिऱ्हाईक हद्दीबाहेरचं आहे. गुऱ्हाळाच्या हंगामात तर निम्म्याहून जास्त.

अर्धी पटणारी सूचना ही की, जिथे एसटी भरपूर आहे तिथल्या केएमटीच्या फेऱ्या कमी कराव्यात. उदाहरणार्थ कागल. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी, ऑगस्ट २०२२पासून, ७५ वर्षांपुढच्यांना एसटी पूर्ण मोफत झाली. आता मला सांगा, कागलच्या थांब्यावर दोन्ही गाड्या आल्या तर बाई कशात बसणार? आमच्या शेजारच्या दुकानातल्या काकू कागलहून येतात, त्या एसटीच बघतात, आणि बरोबर करतात. केएमटी तिथे कमी भरत असेल तर त्याला हे मोठं कारण आहे, प्रवासी कमी झाले असं नव्हे. अशा ठिकाणी एसटीशी चढाओढ करण्यात अर्थ नाही. मात्र गाडी पूर्ण काढूही नये. एसटी मधल्या प्रत्येक थांब्यावर थांबत नाही. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव एमआयडीसी इथल्या कामगाराला मधला थांबाच लागतो. म्हणून गाडी गोकुळ शिरगावपर्यंत ठेवावी, शिफ्टच्या वेळेला धरून, आणि पुढचे वाचलेले किलोमीटर जिथे एसटी मुळीच जात नाही तिथे द्यावेत.

कुठे द्यावेत? जी गोष्ट कुणी बोलत नाही म्हटलं, ती हीच. तुम्ही आर. के. नगरला राहणार, म्हणजे तुमच्याही कामाची आहे.

आपल्याकडचे जवळजवळ सगळे मार्ग चाकाच्या आऱ्यांसारखे आहेत. गाव किंवा उपनगर, तिथून शिवाजी चौक, शाहू मैदान, गंगावेश नाहीतर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड, आणि परत. पेठांमधलं जुनं शहर हाच एक बाजार होता तेव्हा ते बरोबर होतं. आता माणसं आडवीही जातात. पाचगावच्या मुलीला शिवाजी विद्यापीठात जायचं असेल तर ती मिरजकर तिकटीपर्यंत आत येते, तिथून दुसरी गाडी पकडून राजारामपुरीतून सायबर चौकाकडे बाहेर जाते. प्रत्यक्षात आर. के. नगर, शेंडा पार्क, सायबर चौक, विद्यापीठ हा सरळ रस्ता आहे. तोच पुढे शाहू नाक्यावरून उजळाईवाडी आणि एमआयडीसीकडे नेता येतो. या एका आडव्या मार्गावर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर आहे, विद्यापीठ आहे, सायबरसारखं कॉलेज आहे, कारखाने आहेत. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या मार्गावर सलग गाड्या धावल्या तर दुचाकीवर तिघं बसून जाणारी पोरं कमी होतील. आत येणाऱ्या गाड्यांवरचा भार हलका होईल, मिरजकर तिकटीची कोंडीही थोडी सुटेल. असाच आडवा मार्ग उत्तरेला कसबा बावडा, कदमवाडी, ताराराणी चौक, टेंबलाईवाडी असा व्हावा. टेंबलाईच्या आषाढातल्या यात्रेला त्याचा उपयोग होईलच, पण मी म्हणते तो रोजच्यासाठी.

मध्येच गाडी बदलायला लावण्याबद्दल माझं मत कडक आहे, आणि त्याला घरचं कारण आहे. माझी धाकटी बहीण लग्नानंतर एका मोठ्या शहरात गेली. तिच्या घरापासून ऑफिसपर्यंत थेट बस होती. मग तिथे मार्ग तोडले, मोठ्या रस्त्यावर मोठी गाडी आणि आत छोटी गाडी असं केलं. कल्पना कागदावर छान होती. प्रत्यक्षात पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली की दुसरी निघून गेलेली असायची, तिकीट दोनदा काढावं लागायचं, आणि उभं राहायचं कुठे, तर उड्डाणपुलाखाली. दोन महिन्यांत तिने कर्ज काढून स्कूटर घेतली. ती आता बसने जात नाही, तिच्या ओळखीतलं कुणी जात नाही.

कोल्हापुरात हे करायचं असेल तर तीन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. एकाच तिकिटावर दोन्ही गाड्या चालल्या पाहिजेत, टप्पा पुन्हा पहिल्यापासून मोजू नये. दुसरी गाडी पहिलीसाठी थांबली पाहिजे. आणि बदलायच्या जागी छप्पर, बाकडं, उजेड हवा. आषाढात आपल्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप नसते. त्यात भाजीची पाटी घेतलेल्या बाईला, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, निघालेल्या पेशंटला उघड्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघायला लावू नये. या तीन गोष्टी जमत नसतील तर मार्ग थेट ठेवावेत, मग फेऱ्या दोन कमी झाल्या तरी चालतील. दोन गाड्यांच्या भरवशापेक्षा वीस मिनिटं उशिराची एक थेट गाडी मी पसंत करेन.

अंबाबाईच्या देवळाजवळून बस दूर न्याव्यात असंही म्हणतात. नवरात्रात, किरणोत्सवाच्या दिवसांत, विसर्जनाला ते करावंच लागतं. पण बारा महिने नको. बस चौकातून हटवून तिच्या जागी चार चाकी उभ्या राहणार असतील तर गर्दी कमी होत नाही. आधी खासगी गाड्यांचं बघावं.

नव्या गाड्यांचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरसाठी १०० गाड्या मंजूर आहेत. या योजनेत गाड्या चालवणाऱ्या ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरवर पैसे मिळतात, तिकिटं कितीही फाटोत. म्हणून कुठले किलोमीटर धावायचे हे आपण नीट ठरवलं नाही तर रुंद रस्त्यांवर गाड्या पळत राहतील आणि पेठांमधली माणसं तशीच उभी राहतील. लांबलचक गाड्या शिरोली, गोकुळ शिरगावकडे द्याव्यात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतून वळायला लहान गाडीच हवी.

आणि पुराचं वेळापत्रक. २०१९ आणि २०२१ आपण बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मग कुठल्या पातळीला वडणगे, चिखली, शियेकडची कुठली गाडी कुठपर्यंत जाणार, हे आधीच ठरवून प्रत्येक थांब्यावर चिकटवता येईल. पाणी चढल्यावर फोन लावत बसावं लागू नये.

तुम्हाला मत मांडायचं असेल तर ‘बस वाढवा’ एवढंच लिहून देऊ नका. तसे अर्ज ढिगाने येतात. थांबा, वेळ, तुमच्यासोबत उभी असलेली माणसं किती आणि ती कुठे निघालीत, एवढं लिहा. मी गेल्या महिन्यापासून रात्रीच्या गाडीत चढणाऱ्यांची संख्या वहीच्या मागच्या पानावर मांडते. पुढच्या रकान्यात त्यातली किती जणं सकाळीही याच मार्गाने आली ते लिहिते, विचारून. कंडक्टर आधी संशयाने बघायचे, आता स्वतःच आकडा सांगतात. पानं भरली की नक्कल काढून परिवहन समितीकडे आणि आमच्या ग्रामपंचायतीत, दोन्हीकडे देणार आहे.

आर. के. नगरचं घर पक्कं झालं की तुमच्या ऑफिसची सुटायची वेळ मला कळवा. त्या बाजूचं पान माझ्याकडे अजून कोरं आहे.