गोव्यात ‘लष्करी ताबा’ होता का?

प्रश्न : डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले. मग व्याप्त प्रदेशाबद्दलचे (म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातल्या प्रदेशाबद्दलचे) जिनिव्हा कराराचे नियम तिथे का लागू झाले नाहीत?

उत्तर : हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोव्यात जन्मलेले लोक भारतीय ठरले. नको असेल त्याने महिन्याभरात तसे लेखी कळवायचे. एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले, पण वास्तव्याचा परवाना संपल्यावरही ते इथेच राहिले. विदेशी नागरिकांच्या कायद्याखाली खटला झाला. त्यांचा बचाव कच्चा नव्हता : युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४७ नुसार प्रदेश जोडून घेतला तरी रहिवाशांचे संरक्षण जात नाही, आणि कलम ४९ हद्दपारीला मनाई करते.

न्यायालयाने १९६९ मध्ये हा बचाव फेटाळला. कलम ४७ चा रोख युद्ध चालू असताना घाईने केलेल्या विलीनीकरणावर आहे. गोव्यात लढाई लगेच संपली आणि ताब्यापाठोपाठ विलीनीकरण झाले, म्हणून ते संरक्षण इथे लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. (गोव्याला भारतात सामावून घेणारी घटनेची १२ वी दुरुस्ती १९६२ ची, पण तिचा अंमल २० डिसेंबर १९६१ पासून.)

हा युक्तिवाद इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेला किंवा रशियाने युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियाला मात्र चिकटवू नका. बळाने मिळवलेल्या प्रदेशाला मान्यता नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये स्पष्ट केले. गोव्याबाबत राजनैतिक गाठ सुटली ती ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने, पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले तेव्हा.