टिंबक्टू: विहीर की खळगा?

प्रश्न असा: 'अगदी टिंबक्टूला गेलास तरी' असं म्हणतात, ते गाव खरोखर आहे का? आणि लिहायचं टिंबक्टू की तोंबुक्तू?

आहे, आहे! 'टिंबक्टू म्हणजे काल्पनिक जागा' हे शिकल्यासवरल्यांकडूनही ऐकून कान किटले. माली देशात, सहाराच्या दक्षिण कडेला, मातीच्या घरांचं हे छोटं गाव आहे. 'जगाचं टोक' हा अर्थ इंग्रजीतून आपल्याकडे आला. तावदेनीच्या खाणींतून मिठाच्या लाद्या आणणाऱ्या उंटवाल्यांसाठी ते टोक नव्हतं, वाळवंट संपून नदी लागण्याचं ठिकाण होतं.

आता नावाकडे. जो तो सांगतो, 'टिन म्हणजे विहीर, बुक्तू ही तिथली म्हातारी.' साफ चूक! तिथल्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांच्या भाषेत 'टिन' म्हणजे विहीर नव्हे, ते नुसतं 'ची' आहे. पुल्लिंगी नामासाठी 'इन', जसं अल्जीरियातलं इन सालाह. स्त्रीलिंगी नामासाठी 'टिन'. विहिरीला तुआरेग शब्द 'अनू', आणि तो पुल्लिंगी. म्हणजे गावाचं नाव इनबुक्तू व्हायला हवं होतं. मराठीत विहीर स्त्रीलिंगी, त्यामुळे 'बुक्तूची विहीर' आपल्या कानाला खटकत नाही, एवढंच. 'तानुत' म्हणजे छोटी विहीर स्त्रीलिंगी आहे, ही पळवाट विहीरवाल्यांनी खुशाल घ्यावी.

मला पटतो तो जर्मन प्रवासी हाइनरिश बार्ट. 1853 मध्ये तो तिथे पोहोचला आणि त्याने तिथल्याच सोंघाय भाषेतला 'तुंबुतु' हा शब्द पुढे केला: पोकळी, खळगा, गर्भाशयसुद्धा. वाळूच्या टेकड्यांमधल्या खळग्यात वसलेलं म्हणून हे नाव. रने बासे या फ्रेंच भाषापंडिताने झेनागा या बर्बर भाषेतला 'दूर असणं, दडणं' अशा अर्थाचा धातू सुचवला. खळग्यातलं गाव दुरून दिसत नाही, तेव्हा तोही नकळत बार्टच्याच दारात येतो.

भूगोलही खळग्याच्या बाजूने आहे. नायजर नदीचा मुख्य प्रवाह गावाच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर, मधे काबारा हे बंदर. पाऊस पडतो गिनीच्या डोंगरांत, जुलै ते सप्टेंबर; पण मधल्या दलदलीत पाणी रेंगाळतं, म्हणून इथे पूर चढतो डिसेंबर-जानेवारीत, ऐन कोरड्या ऋतूत. मोठ्या पुराच्या वर्षी पाणी ओहोळांतून पार गावाजवळ यायचं. उंचवट्यावरच्या गावाकडे पाणी असं चालून येत नाही. उलट वाळू मात्र दरवर्षी येते, आणि काबाराकडचा कालवा पुन्हा पुन्हा बुजतो.

लेखनाचं म्हणाल तर तोंबुक्तू हे फ्रेंच रूप, मराठीत रुळलं ते टिंबक्टू, तेच लिहा. नकाशावरच्या टिंबाशी मात्र त्याचा काडीचाही संबंध नाही.