गॅसवर गाडी मिसिंग करते? इंजेक्टर बदलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या

गॅसवरची (एलपीजी) गाडी उभी असताना थरथरते, ॲक्सिलरेटर दिला की सुरळीत होते आणि गॅरेजवाले गॅस इंजेक्टर बदलायला सांगतात, हे तुमचं वाचलं आणि माझा सगळा जुना त्रास आठवला. पैसे देण्याआधी गाडी पेट्रोलवर टाकून बघा. तिथेही तशीच मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) असेल तर दोष गॅस इंजेक्टरचा नाही.

माझ्या गाडीचे प्लग झाले, कॉइल झाली, इंजेक्टर झाले, लॅपटॉप लावून ट्यूनिंग तर दर खेपेला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "गॅसच्या गाड्या अशाच चालतात." शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने मोजलं, तर एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची) सीट, म्हणजे तो टेकतो ती कडा, झिजून व्हॉल्व्ह वर सरकला होता, टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट संपली होती, त्यामुळे तो नीट बसतच नव्हता. सुरुवातीला फट ॲडजस्ट केली असती तरी भागलं असतं. तोवर व्हॉल्व्ह जळला आणि हेड उतरवावं लागलं. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघण्याचा कंटाळा आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी मेकॅनिक नाही आणि प्रत्येक इंजिनाला गॅसवर सीट झिजण्याचा हा त्रास होतोच असंही नाही; कडक सीटची इंजिनं गॅसवर निवांत चालतात. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) टॅपेट असतील तर फट आपोआप जुळते, पण झीज थांबत नाही, उशिरा कळते इतकंच. स्क्रूचे किंवा शिमचे (पातळ चकतीचे) टॅपेट असतील तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीच्या आधीच तपासून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

गॅसची टाकी पूर्ण भरत नाही म्हणता, तो मात्र दोष नाही. उष्णतेने द्रव गॅस फुगतो, त्याला जागा हवी म्हणून 80 टक्क्यांवर टाकीचा व्हॉल्व्ह भरणं थांबवतो. 50 लिटरच्या टाकीत 40 लिटरच बसणार. कुणी जास्त भरून देतो म्हणाला तर साफ नाही म्हणा. ॲव्हरेजही पेट्रोलइतकं मिळणार नाही, कारण गॅसमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण पाऊणपटच असते.

आणि पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. थंड इंजिन बहुतेक गाड्यांत पेट्रोलवरच सुरू होतं, शिवाय बऱ्याच गाड्यांत टाकीतला पेट्रोल पंप गॅसवर असतानाही फिरत राहतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकी तरी असू द्या.