कृष्णाकाठची निवांत बाग आणि मुधोळचा कुत्रा

प्रश्न : आम्ही सांगलीत कृष्णाकाठापासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहे. मुलाने नोकरीसाठी बंगळूरला जाताना दीड वर्षाचा मुधोळ जातीचा कुत्रा माझ्या हवाली केला. घाटालगत एक छोटी बाग आहे आणि सकाळी सहाच्या सुमारास तेथे चिटपाखरूही नसते, म्हणून मी त्याचा पट्टा सोडतो. तो मनसोक्त धावतो, पायऱ्या उतरून पाणी पितो आणि हाक मारली की बहुतेक वेळा परत येतो. नदीत मगरी असल्याने कुत्र्याला तेथे नेऊ नये, असे शेजारी सांगतात. पत्नीला ते पटते. मला मात्र त्यात अतिशयोक्ती वाटते. आपले मत कळवावे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : या वादात तुमच्या पत्नीची आणि शेजाऱ्यांची बाजू बरोबर आहे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात आणि खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरींचा वावर आहे, हे नदीकाठच्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे, आणि माणसांवर तसेच जनावरांवर हल्लेही झालेले आहेत. मगर पाठलाग करून शिकार करीत नाही, दबा धरून करते. तिचे डोळे आणि नाकपुड्या एवढाच भाग पाण्याबाहेर असतो आणि गढूळ पाण्यात तो वाहून आलेल्या ओंडक्यासारखा दिसतो. मान खाली घालून कडेला पाणी पिणारा कुत्रा तिला आयताच सापडतो. त्यातही तुमचा कुत्रा रोज त्याच वेळी, त्याच पायरीवर उतरतो, आणि दबा धरणाऱ्या प्राण्याला ही नियमितता फारच सोयीची असते.

वर्षभर धोका सारखा नसतो. हिवाळ्यात मगरी ऊन खाण्यासाठी काठावर येऊन पडतात, त्यामुळे त्या दिसतात तरी. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि मे-जूनमध्ये पिले बाहेर पडतात. या दिवसांत ती घरट्याच्या आसपास कोणालाही खपवून घेत नाही. उन्हाळ्यात पात्र आटले की मगरी खोल डोहांत एकवटतात, आणि पावसाळ्यात पाणी चढले की ओढ्यानाल्यांतून थेट शेतात येतात. पहाटे आणि संध्याकाळनंतर अंधुक उजेडात पाण्यातले आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून हिवाळ्यात तुमची सहाची वेळ मुळीच योग्य नाही. चांगले उजाडल्यावर जावे, पाण्याच्या कडेपासून किमान वीस पावले दूर राहावे आणि कुत्र्यासाठी घरून बाटलीतून पाणी न्यावे. काठावर मगर दिसली तर दगड मारू नये आणि छायाचित्रासाठी जवळही जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मगरीपेक्षाही मला तुमच्या पत्रातल्या ‘बहुतेक वेळा’ या दोन शब्दांची काळजी वाटली. मुधोळ हा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे. दूरवर काही हलले की तो सुटतो, आणि एकदा सुटला की तुमची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचली तरी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. यात त्याचा उद्धटपणा नाही. त्याच्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या सशामागे धावण्यासाठीच जोपासले गेले. नदीकाठी हलणारे पुष्कळ असते, आणि त्यांत पहिली असते टिटवी. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. ती अंडी खड्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की दोन फुटांवरूनही दिसत नाहीत. कुत्रा जवळ आला की जोडी डोक्यावरून घिरट्या घालीत कर्कश ओरडते, कधी पंख मोडल्यासारखे सोंग करून त्याला दूर नेऊ पाहते, आणि हा वेडा नेमका त्या सोंगामागे धावत पाण्याच्या दिशेने जातो. टिटवीही समुद्र आटविते अशी आपल्याकडे म्हण आहे, पण मुधोळच्या पायांखाली आलेले अंडे तिला वाचवता येत नाही. त्याच काठावर जलपर्णी साचलेली असेल तर तो हिरवा गालिचा कुत्र्याला जमीन वाटतो. त्यावर उडी घेतल्यावर पाय देठांत गुंततात आणि पोहता येणारा कुत्राही दमून बुडतो.

म्हणून पट्टा सोडू नये. येथे एक व्यावहारिक अडचण आहे, जी मुधोळ पाळणाऱ्यांना सहसा पहिला कुत्रा निसटल्यावर कळते : या जातीचे डोके अरुंद आणि मान जवळजवळ तेवढ्याच जाडीची असते. साधा गळपट्टा दोन बोटे आत जातील इतका सैल ठेवला तरी कुत्रा मागे सरकत मान खाली घालतो आणि पट्टा कानांवरून अलगद निघून येतो; तुमच्या हातात दोरी आणि रिकामे कडे उरते. ओढ बसली की थोडा आवळणारा, रुंद पट्ट्याचा गळपट्टा घ्यावा, किंवा छातीभोवती आणि पोटाभोवती असे दोन बंद असलेला साज वापरावा. घरी एकदा त्याला स्वतः मागे ओढून पाहावे. तेथे निसटला तर नदीवरही निसटणार.

धावण्याची त्याची गरज खरी आहे आणि ती भागलीच पाहिजे. ज्या शाळेत तुम्ही इतकी वर्षे शिकवले, तिचे मैदान कुंपणाचे असेल तर सुटीच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या परवानगीने तेथे अर्धा तास त्याला मोकळा सोडा आणि विष्ठा उचलून आणा. नदीकाठी मात्र फेरफटकाच मारा. बागेच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याचा फलक आहे का, तेही पाहावे. आपल्याकडील बऱ्याच सार्वजनिक उद्यानांत तशी मनाई असते, आणि पहाटे रखवालदार नसल्याने ती उठत नाही.

घाटाविषयी आणखी एक. दशक्रिया विधीच्या ठिकाणापासून कुत्रा लांब ठेवा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका लॅब्रॅडॉरने, कावळा शिवण्याची तासभर वाट पाहत बसलेल्या कुटुंबासमोर पिंड गिळला होता. त्याच्या पोटाला काहीही झाले नाही, पण मालकाने आजतागायत त्या घाटावर पाऊल ठेवलेले नाही. नैवेद्यातले मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, हेही ध्यानात असू द्यावे. मासेमारांनी टाकलेला तुटका गळ पंजात किंवा ओठात रुतला, तर तो उलटा ओढू नका; त्याचे टोक आकड्यासारखे असल्याने मांस फाटते. कुत्र्याला शांत धरून दवाखान्यात आणा.

प्रश्न : आमची कुत्री नदीकाठच्या चिखलात लोळून येते. पूर ओसरल्यावर तिला पुन्हा नेण्यास किती दिवस थांबावे? घरी आल्यावर काय करावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी आपण सारे पाठ म्हणतो, पाणी त्याखाली गेले म्हणजे काठ सुरक्षित झाला, असे मात्र नाही. उंदरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात काही आठवडे टिकू शकतात. त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा चिखल वाळून जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबावे, हे बरे. या रोगाची लस कुत्र्यांसाठी उपलब्ध आहे. पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि नंतर दरवर्षी एक असा तिचा क्रम असतो, आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी तो चुकवू नये. ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काही आढळल्यास एक दिवसही थांबू नका. हा रोग माणसालाही होतो, म्हणून चिखलाने माखलेल्या कुत्रीला धुताना हातमोजे घाला आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवा.

धुऊन झाल्यावर कानांच्या आत, बोटांच्या मधे, काखेत आणि गळपट्ट्याखाली गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावा. रॉकेल लावणे किंवा उदबत्तीचा चटका देणे हे जुने उपाय सोडून द्या. चिडलेला गोचीड सुटण्याआधी रक्तात अधिक लाळ सोडतो आणि रोगजंतू त्या लाळेतूनच जातात.

प्रश्न : मी रोज सकाळी सात वर्षांच्या नातवाला घेऊन घाटाजवळच्या बागेत जाते. तेथे एक गृहस्थ मोठा कुत्रा मोकळा सोडतात आणि ‘काही करत नाही हो’ एवढेच म्हणतात. नातू आता बागेचे नाव काढले की रडतो. आम्ही काय करावे?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : कुत्रा काही करत नाही हे मालकाला ठाऊक असते, मुलाला नसते, आणि त्याला ते ठाऊक असायलाच हवे अशी अपेक्षाही चुकीची आहे. कुत्रा पट्ट्यात ठेवण्याची जबाबदारी त्या गृहस्थांची आहे. प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. पण पहिल्याच दिवशी कलम दाखवू नका. कुत्रा जवळ नसताना, नातवाला घरी ठेवून, त्यांच्याशी शांतपणे बोला. ‘तुमचा कुत्रा वाईट आहे’ असे न म्हणता ‘हा मुलगा घाबरतो, आम्ही येतो तेवढा वेळ बांधा’ एवढेच मागा. ऐकले नाही तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी तक्रार करा.

दरम्यान नातवाला एक गोष्ट घरी खेळासारखी शिकवा. कुत्रा धावत आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही. हात छातीशी घेऊन, नजर स्वतःच्या पायांवर ठेवून झाडासारखे उभे राहायचे. हुंगून झाले की कुत्रा कंटाळून निघून जातो. आधी तुम्ही कुत्रा व्हा, मग त्याला होऊ द्या. चार-पाच दिवस हा खेळ दिवाणखान्यात झाला की मग बागेकडे वळा.