जुन्या सेलला दोष देण्याआधी नट उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ गावच्या घरी तीन पॅनल आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे, इलेक्ट्रिक स्कूटरमधून काढलेल्या ६० व्होल्टच्या दोन लिथियम बॅटऱ्या स्वस्तात मिळतायत, त्या पॅरलल जोडून चालतील का आणि बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट) कोणता घ्यावा. आणि शेवटी लिहिलंय, "घरचे म्हणतात सेकंडहॅण्ड लिथियम म्हणजे घरात बॉम्ब."

हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हेच वाक्य मी माझ्या ओटीवर, गणपतीसमोर, सगळ्या भावकीच्या देखत ऐकून घेतलंय आणि सणाचा दिवस म्हणून गप्प बसलोय. 

मी टेलिफोन खात्यात २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी एक्सचेंजच्या बॅटरी रूममध्ये. दोन-दोन व्होल्टचे २४ लेड ॲसिड सेल सिरीजमध्ये, एकूण ४८ व्होल्ट. पायलट सेलचा, म्हणजे नमुन्याला धरलेल्या सेलचा, व्होल्टेज, ॲसिडची ग्रॅव्हिटी आणि तापमान रोज रजिस्टरला चढवायचं. टर्मिनल पुसून पेट्रोलियम जेली लावायची. सगळं आयुष्य हेच केल्यामुळे बॅटरी म्हणजे काय हे मला कुणी व्हिडिओतून शिकवलेलं नाही.

रिटायर होऊन गावी आलो, दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या आगरातले माड, पोफळी आडवे झाले, कौलं गेली, विजेचे खांब तर काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडून पडले. आमच्या वाडीत लाईट यायला ३१ दिवस लागले. घरची विहीर पाण्याने भरलेली, पण रहाट काढून पंप बसवलेला, त्यामुळे भर पावसात प्यायच्या पाण्याला दोर-बादलीने हात सोलून घेतले. तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाळ्याच्या आत घर आपल्या विजेवर उभं राहिलं पाहिजे.

नवी लिथियम बॅटरी पेन्शनमध्ये बसत नव्हती. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडून मोबाईल टॉवरवरून उतरवलेले दोन पॅक आणले. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १०० अँपिअर-अवरचे एकूण ३२ सेल. इथेच लोक चुकतात. पॅक आणला, मीटर लावला, व्होल्टेज बरोबर दिसला की जोडला. एलएफपीत व्होल्टेजवरून काही कळत नाही हो! २० टक्के भरलेला असो की ८० टक्के, सेल ३.२ ते ३.३ च्या आसपासच दाखवतो. मरायला टेकलेला सेलसुद्धा तेच दाखवतो.

मी रोज एक सेल घेतला. ३.६५ व्होल्टपर्यंत पूर्ण भरायचा, रात्रभर ठेवायचा, मग १० अँपिअरवर २.५ व्होल्टपर्यंत उतरवायचा आणि किती अँपिअर-अवर निघाले ते वहीत लिहायचे. महिन्याच्या वर गेला. नंतर सगळे पुन्हा भरून २१ दिवस माळ्यावर नुसते ठेवले. बाकीचे ३.३३ वर थांबले, दोन मात्र ३.२७ वर उतरले, म्हणजे आतून गळत होते. ते बाद. दोन फुगलेले होते, ते पहिल्याच दिवशी बाद. एक आला तेव्हाच १.४ व्होल्टवर होता. इतका खाली गेलेला सेल पुन्हा भरायला जाऊ नका, आत तांबं विरघळलेलं असू शकतं आणि चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असे पाच गेले, २७ राहिले.

त्यातल्या २४ सेलचे तीन-तीनचे आठ गट केले. तिन्ही सेल सारखे हवेत असं काही नाही, गटाची बेरीज सारखी हवी. ६८, ७९ आणि ८८ मिळून २३५ अँपिअर-अवर. पुढच्या गटातही २३५ च्या जवळ. सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर गट संपला की सगळी बॅटरी संपली, म्हणून बेरजेवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. आधी तिघे पॅरलल, मग आठ गट सिरीज. २५.६ व्होल्ट, साधारण सहा युनिट वीज. फेब्रुवारी २०२१ ला चालू केली. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, वाडीत चार दिवस अंधार होता आणि आमच्याकडे पंप, फ्रिज, पंखे सगळं चालू. शेजारपाजारचे मोबाईल आमच्याच पडवीत चार्ज होत होते. 

मग आला त्याच वर्षीचा गणपती. चाकरमानी आले, घरात बावीस माणसं. गौरीपूजनाच्या संध्याकाळी मिक्सर, पंप, फ्रिज आणि आराशीचे दिवे एकदम चालू. बॅटरीच्या कपाटातून जळकट वास आला. मी धावत जाऊन मेन बंद केला. मुख्य निगेटिव्ह वायरच्या टोकाला नटाखाली बसणारा धातूचा लग असतो, त्यावरची काळी नळी वितळून खाली लोंबत होती. पुतण्या मुंबईत आयटीत आहे. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, भंगारातल्या बॅटऱ्या आहेत त्या. तुम्ही बॉम्ब ठेवलाय घरात." माझ्या थोरल्या वहिनीने त्या रात्री मुलांना पडवीत झोपू दिलं नाही. त्यांचं बरोबरच होतं, पोरांचा जीव आहे. पण बोल लागला तो सेलना.

विसर्जन झालं, घर रिकामं झालं, मी शांतपणे उघडून बघितलं. सगळ्या २४ सेलचे व्होल्टेज जागेवर. लगच्या नटाखाली करड्या रंगाची पूड साठलेली, बोटावर घेतली तर रांगोळीसारखी खरखरीत. सेलचं टर्मिनल ॲल्युमिनियमचं, लग कल्हई न केलेल्या तांब्याचा. मध्ये चार महिने खाऱ्या वाऱ्याची ओल. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी म्हटल्यावर ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. त्यात लग क्रिम्पिंग टूलने न दाबता पक्कडीने चेपलेला. तो जोड तसाच परत बांधून ४५ अँपिअर लोड दिला आणि दोन्ही बाजूंना मीटर लावला, ३०० मिलिव्होल्ट! बाकीच्या जोडांवर दोन ते चार. म्हणजे त्या एका नटाखाली साडेतेरा वॅट, छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता, सतत.

आणि हे फ्यूजला दिसत नाही, कारण करंट ठरलेल्या मर्यादेतच असतो. एमसीबीला दिसत नाही, कारण तेच. बीएमएसलाही दिसत नाही, कारण त्याच्या व्होल्टेज मोजणाऱ्या सेन्स वायरी सेलच्या टर्मिनलवर असतात आणि लग त्याच्या बाहेर. पुतण्या तेव्हा मोबाईलवर बीएमएसचं ॲप दाखवत होता, त्यात सगळं हिरवं होतं. हिरवंच असणार! रजिस्टर कशाला लिहिता, ॲपमध्ये दिसतं की, हा आमचा फेब्रुवारीपासूनचा वाद. आता इथे लिहितोच. घरून काम चालू होतं म्हणून फेब्रुवारीत बॅटरी जोडताना तो गावी होता आणि हौसेने मदतीला आला होता. तो लग त्यानेच चेपला होता, आणि मी तपासला नाही ही माझी चूक. जुन्या सेलचा त्यात काडीचा संबंध नव्हता. नवी कोरी बॅटरी आणून तोच लग लावला असता तरी त्याच संध्याकाळी तोच वास आला असता.

तेव्हापासून कल्हईचे लग वापरतो. टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने घासलं की लगेच जेली लावायची, चहा पिऊन येईपर्यंत थांबायचं नाही, उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसायला वेळ लागत नाही. नट टॉर्क पान्यानेच आवळायचा, ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, जोर केला की गेले. आणि महिन्यातून एकदा भरपूर लोड टाकून प्रत्येक जोडावरचे मिलिव्होल्ट रजिस्टरला. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. कोकणात हे केल्याशिवाय बॅटरी ठेवूच नये, जुनी असो वा नवी.

आता तुमचं. ६० व्होल्टचा पॅक २४ च्या इन्व्हर्टरला लागत नाही आणि मधूनच अर्ध्या सेलवरून वायर काढून २४ घेणं हा मूर्खपणा आहे. अर्धे सेल रिकामे, अर्धे भरलेले, पॅक वाया. पॅक उघडून सेल नव्याने मांडावे लागतील, आणि स्कूटरच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा बारीक गोल सेल स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. ते काम घरी करू नका. शिवाय ते बहुधा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले लिथियम) असतील, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचे. एलएफपी ३.६५ चे. दोन्ही एकत्र कधीच जोडायचे नाहीत, लेड ॲसिडबरोबर तर नाहीच. एनएमसी पेटली तर एलएफपीपेक्षा फार वाईट पेटते, म्हणून लाकडी माळ्याच्या घरात मी ती ठेवणार नाही. तुमच्या घरच्यांचं या एका बाबतीत मी ऐकेन.

टॉवरचे एलएफपी मिळाले तर घ्या. दोन पॅक पॅरलल करायचे तर प्रत्येकाला स्वतःचा बीएमएस, स्वतःचा फ्यूज, आणि जोडण्याआधी दोन्ही पूर्ण भरून एका व्होल्टेजवर आणा, नाहीतर भरलेला रिकाम्यात धबधब्यासारखा ओततो. बीएमएस कोणता यावर लोक उगाच भांडतात. करंट तुमच्या लोडच्या दीडपट असला आणि एकेका सेलचा व्होल्टेज दाखवत असला की पुरे. साधे बीएमएस जेमतेम ५०-१०० मिलिअँपिअरने सेल बॅलन्स करतात, म्हणजे एका पातळीवर आणतात, वाईट जुळलेले सेल ते सुधारू शकत नाहीत. आठ सेलच्या एलएफपीला मी चार्जिंग २७.६ ला थांबवतो, भरल्यावर धरून ठेवायचा फ्लोट २६.८, खाली २४ ला लोड बंद. इन्व्हर्टर लेड ॲसिडसाठी असेल तर इक्वलाइझ, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं, आधी बंद करा.

अजून एक, फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. आणि घरातला एसीचा एमसीबी डीसीला लावू नका. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीची तुटत नाही, ती एमसीबीला आतून जाळत राहते.

माझ्या बॅटऱ्याही आता घरात नाहीत, मागे चिऱ्याच्या वेगळ्या खोलीत आहेत, वर वारा खेळायला झरोका. हे आधी लिहायला हवं होतं. एलएफपी सहसा पेटत नाही, पण बिघडली तर निघणारा धूर विषारी असतो. तुमचे तीन पॅनल सिरीजमध्ये असतील तर १०० व्होल्टच्या वर डीसी असू शकतो, तिथे ओल्या हाताने जायचं नाही. वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर नसेल तर आधी तो घ्या, बॅटरी नंतर. बाद झालेले सेल गावच्या भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांखाली नोंदणी केलेले रिसायकलवाले असतात, त्यांच्याकडे पोचवा. माझे पाच वर्षभर वाळूच्या डब्यात होते, मग दिले.

पॅकवरचं लेबल बघून कळवा. लेबल नसेल तर पूर्ण भरून तासभर ठेवल्यावरचा व्होल्टेज आणि सिरीजमध्ये किती सेल आहेत ते लिहा, एनएमसी की एलएफपी ते लगेच सांगतो.