ग्राफच्या पोटात तोच ग्राफ कसा काय?

प्रश्न: सर, एक्सेलमध्ये लॉजिस्टिक मॅपचा ग्राफ काढला, म्हणजे क्षची पुढची किंमत = आर × क्ष × (1 − क्ष), आडवा आर आणि उभ्या क्ष शेवटी ज्यांवर फिरत राहतो त्या किमती. आर 3.57 च्या पुढे नेला की नुसता ठिपक्यांचा धुरळा, पण 3.83 ला एकदम तीनच रेघा उरतात आणि झूम केलं की प्रत्येकीत अख्ख्या ग्राफची छोटी कॉपी दिसते. ही राउंडिंगची गडबड तर नाही ना? आणि पिरियड 3 (म्हणजे दर तीन स्टेपनी त्याच किमती परत) आला की केऑस (म्हणजे बेभरवशाचा धुरळा) असतोच असं वाचलंय, मग इथं तो कुठाय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: गडबड नाहीये, खरंच तसं आहे. राउंडिंग छळतं ते धुरळ्यात, आर 4 असेल तर चूक सरासरी दर स्टेपला दुप्पट होते म्हणजे एक्सेलचे 15 आकडे पन्नासेक स्टेपमध्येच संपले! 3.83 ला मात्र चूक विरत जाते, जवळपास कुठूनही सुरुवात करा, गाडी 0.156, 0.505, 0.957 याच तीन किमतींवर येऊन फिरत बसते.

आता कॉपी का, तर मूळ फंक्शन म्हणजे पॅराबोला, आणि तीन स्टेप मिळून एकच फंक्शन धरलं आणि 0.5 च्या आसपासचा तेवढाच तुकडा बघितला तर तिथंही जवळजवळ पॅराबोलाच निघतो, फक्त छोटा आणि उलटा (म्हणून मधल्या रेघेतली कॉपी उलटी दिसते, बघा नीट). पॅराबोला आला की त्याच्यामागचं सगळं लटांबर आलंच, 3 किमतींच्या 6, 6 च्या 12, मग धुरळा, आणि त्या धुरळ्यात परत 9 ची खिडकी (धुरळ्यात मधेच मोजक्याच रेघा उरतात ती जागा, जशी 3.83 ची).

मूळ ग्राफमध्ये पिरियड दुप्पट होतो 3, 3.4495, 3.5441 आणि 3.5644 ला. अंतरांचे भागाकार काढा, आधी 4.75, मग 4.66. भौतिकशास्त्रज्ञ मिचेल फायगेनबाम 1975 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत कॅल्क्युलेटरवर हेच करत बसले होते, शेवटी आकडा 4.669 वर स्थिरावतो आणि छोट्या कॉपीतही तोच येतो, मला तर हे अजूनही भारी वाटतं.

केऑसचं म्हणाल तर तुम्ही वाचलंय ते ली आणि यॉर्क या गणितज्ञांचं 1975 चं प्रमेय. त्यानुसार खिडकीतसुद्धा 5, 7, 100, हव्या त्या पिरियडची चक्रं असतातच, पण ती सगळी अस्थिर, जरा ढळलं की सुटलं, त्यामुळे ग्राफवर उमटतच नाहीत. आता आर 3.845 टाका, पहिल्या हजार स्टेप सोडून द्या आणि सहा किमती येतात का ते बघा.